गव्हर्नर साहेब, हेड कोच निवडताना त्याच्या हाताखालची माणसंही बघा

लुईझियानाचे गव्हर्नर मा. जेफ लॅन्ड्री साहेब यांना, स.न.वि.वि.

मी मूळची सांगलीची, गेली चौदा वर्षं बॅटन रूजमध्ये राहते, इथल्या एका केमिकल प्लांटच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि शनिवारी रात्री टायगर स्टेडियमला एलएसयूची (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची) अमेरिकन फुटबॉलची मॅच असली की आमच्या घरचा स्वयंपाक दुपारीच उरकलेला असतो. मराठीत लिहितेय कारण मनापासून काही बोलायचं असलं की मला हीच भाषा सुचते, आणि ह्यूस्टनपासून अटलांटापर्यंत आपली बरीच मंडळी हा खेळ बघतात, त्यांनीही वाचावं असं वाटतं. इंग्रजी करून तुमच्या ऑफिसला वेगळं पाठवतेय.

25 ऑक्टोबर 2025 ला मी स्टेडियममध्येच होते. हाफटाइमला एलएसयू पुढे, आणि मग टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीने असं काही धुवून काढलं की चौथ्या क्वार्टरला आमच्या आजूबाजूच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. 49-25. दुसऱ्या दिवशी एलएसयूचे हेड कोच ब्रायन केलींना काढलं. 10 वर्षांचं, 9.5 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, त्यातली धड चार वर्षंही झाली नव्हती आणि काढायचं म्हणून द्यावे लागणारे पैसे 5 कोटी डॉलरच्या वर. तुम्ही चिडलात, ते मला पटलंच. पुढचा कोच एलएसयूच्या सगळ्या खेळांचे प्रमुख, अॅथलेटिक डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड, निवडणार नाहीत असं तुम्ही पत्रकारांसमोर सांगितलंत आणि दुसऱ्याच दिवशी वुडवर्ड गेलेसुद्धा.

पण साहेब, त्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट कुणी बोललंच नाही. त्या रात्री समोरच्या साइडलाइनवर ए अँड एमचा हेड कोच म्हणून कोण उभा होता? माइक एल्को. 2016 मध्ये केली नोटर डेम युनिव्हर्सिटीला हेड कोच असताना त्यांची टीम 4-8 वर (चार जिंकल्या, आठ हरल्या) आपटली होती, नोकरी जायचीच वेळ आली होती, तेव्हा त्यांनी नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाची बाजू सांभाळणारा असिस्टंट कोच) आणला तो हाच एल्को, आणि 2017 ला टीम 10-3. एका वर्षात तो पुढे निघून गेला, पण केलींची गाडी रुळावर आणून गेला. मग 2021 ला त्यांच्याकडे डिफेन्सला मार्कस फ्रीमन. केली एलएसयूला आले तसं नोटर डेमने त्या फ्रीमनलाच हेड कोच केलं, आणि जानेवारी 2025 मध्ये तो टीमला नॅशनल चॅम्पियनशिपच्या फायनलपर्यंत घेऊन गेला. त्या वेळी त्याचा ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाची बाजू, कोण चालवत होतं? माइक डेनब्रॉक, जो 2023 ला इथे एलएसयूला होता, आपल्या जेडन डॅनियल्सला हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) मिळाली त्या सीझनला. म्हणजे आपण सव्वा नऊ कोटी, साडेनऊ कोटी म्हणत एका माणसाचा भाव करत बसलो आणि ज्यांच्या खांद्यावर त्याचं नाव मोठं झालं ती माणसं एकेक करून समोरच्या बाकावर जाऊन बसली.

मी केलींना नालायक म्हणत नाहीये. एल्कोला ओळखणारे तेच होते, फ्रीमनलाही. पण इथे आल्यावर तीच नजर दिसली नाही. 2023 ला ऑफेन्स देशात पहिल्या नंबरचा आणि तरी ओल मिसविरुद्ध आपण 49 पॉइंट करून हरलो, 55-49! त्या रात्री मी घरी सोफ्यावर उशी आवळून बसले होते, 49 पॉइंट करून माणूस हरतो कसा हे नवऱ्याला कळेना. डिफेन्सची व्यवस्थाच नव्हती. डिफेन्सचा कोऑर्डिनेटर सीझन संपल्यावर बदलला, तेवढ्यात डेनब्रॉक गेला, म्हणजे एक भोक बुजवलं तोवर दुसरं पडलं.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? 2019 आठवा. सगळा लुईझियाना वेडा झाला होता. 15-0, न्यू ऑर्लिन्सला फायनलमध्ये क्लेमसनवर 42-25. हेड कोच एड ऑर्जेरॉन, बायूमधला, म्हणजे इथल्या दलदलीच्या भागातला, आपला माणूस, त्याचं प्रेम मलाही आहे. पण आकडा बघा, आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याने 2018 ला 16 टचडाउन पास टाकले आणि 2019 ला 60. क्वार्टरबॅक तोच, हेड कोच तोच, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर तेच. मध्ये आला जो ब्रेडी, न्यू ऑर्लिन्स सेंट्स या प्रोफेशनल टीममधून आणलेला, तिशीही न गाठलेला पोरगा. (एन्समिंगरना कमी क्रेडिट मिळालं असं माझं ठाम मत आहे, प्ले कॉल करायला, म्हणजे कुठली चाल खेळायची ते सांगायला, तेही होते, पण सगळे फोटो ब्रेडीचे.) त्या वर्षीचं ब्रॉयल्स अवॉर्ड ब्रेडीला मिळालं, देशातल्या सगळ्यात चांगल्या असिस्टंटला 1996 पासून देतात ते. डिफेन्सला डेव्ह अरांडा, वर्षाला 25 लाख डॉलर, तेव्हा कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात महाग असिस्टंट.

चॅम्पियनशिप झाली आणि दोघंही गेले, ब्रेडी एनएफएल या प्रोफेशनल लीगला, अरांडा बेलर युनिव्हर्सिटीला हेड कोच म्हणून. त्यांच्याबरोबर 14 खेळाडू एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) गेले हेही खरं, सगळा दोष कोचिंगवर टाकणं अन्याय होईल. पण 2020 ची पहिली मॅच काढून बघा, मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने आपल्यावर 623 यार्ड फेकले. 623! एसईसीचा, म्हणजे आपल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, रेकॉर्ड. नवा कोऑर्डिनेटर बो पेलिनी एका सीझनमध्ये घरी, आणि 5-5. पुढच्या सीझनच्या मध्यातच ऑर्जेरॉन जाणार हे जाहीर झालं, पुन्हा काढायचं म्हणून कोटीच्या वर डॉलर, आणि दुसरीकडे त्याच वर्षी अरांडाने बेलरला 12-2 करून बिग 12 कॉन्फरन्स जिंकून दिली.

मग हेड कोच नावापुरताच असतो का? अजिबात नाही. अलाबामाचे माजी हेड कोच निक सेबन यांच्याकडे बघा. त्यांच्या हाताखालून कर्बी स्मार्ट गेला, किफिन गेला, प्रुइट गेला, सार्किसियन गेला, आणि तरी 2009, 2011, 2012, 2015, 2017, 2020 अशी सहा टायटल तिथेच. दरवर्षी घरातला कर्ता पोरगा परगावी जावा आणि तरी शेत पिकावं असं ते होतं. माझ्या मते हेड कोचची खरी परीक्षा तीच, असिस्टंट गेल्यावर त्याने जागेवर कोणाला आणलं. नुसता हेड कोचचा रेकॉर्ड बघून दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देणाऱ्यांनी हे कधी विचारलंच नाही.

आता एलएसयूचे नवे हेड कोच म्हणून तेच लेन किफिन आलेत, सात वर्षं, वर्षाला जवळपास 1 कोटी 30 लाख डॉलर. ऑफेन्समधली आपली माणसं ते घेऊन आले, चांगलं झालं. पण ते प्लेऑफच्या (नॅशनल चॅम्पियनशिपच्या बाद फेरीच्या) आधी ओल मिस सोडून इथे आले तेव्हा ओल मिसने काय केलं? त्यांचाच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर पीट गोल्डिंग याला हेड कोच केलं, आणि 1 जानेवारी 2026 ला आपल्याच न्यू ऑर्लिन्सला, शुगर बोल या प्लेऑफच्या मॅचमध्ये, त्या टीमने जॉर्जियाला हरवलं. एवढा समोर घडलेला धडा दुसरा कुठला हवा?

एक घरचं सांगते. इथे येण्याआधी आम्ही दुसऱ्या राज्यात एका छोट्या कॉलेजच्या गावात होतो, शेजारी तिथल्या टीमच्या ऑफेन्सिव्ह लाइन कोचचं (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या कोचचं) कुटुंब. तो माणूस पहाटे साडेचारला गाडी काढायचा, मला आवाजाने जाग यायची. मॅचला मी त्यालाच बघायचे, पाच धिप्पाड पोरं बाकावर घामाने निथळत बसलेली आणि हा त्यांच्यासमोर गुडघ्यावर, हातात छोटा व्हाइटबोर्ड, मार्कर दातात धरून तळहातानेच खोडून परत काढायचा. हात काळा झालेला असायचा. डिसेंबरमध्ये हेड कोचला काढलं, त्याच्या पाठोपाठ सगळे असिस्टंट. हेड कोचला पैसे मिळाले म्हणे. यांनी आठ दिवसांत ट्रक भरला, धाकट्याची सायकल ट्रकमध्ये मावली नाही ती माझ्या मुलीला दिली, पोरगा ती सायकल सोडेना, हँडल धरून रडत उभा. नंतर त्या टीमची लाइन दोन वर्षं सावरली नाही.

साहेब, एलएसयूच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सवर बहुतेक माणसं तुम्ही नेमता आणि मोठी कॉन्ट्रॅक्टं तिथेच मंजूर होतात. तुम्ही आवाज चढवलात तर ऐकलं जातं हे सगळ्यांनी पाहिलंय. तर तो एकदा या कामासाठी चढवा. हेड कोचच्या कॉन्ट्रॅक्टबरोबर कोऑर्डिनेटर, लाइन कोच, सेकंडरी (मागे राहून पास अडवणाऱ्यांचे) कोच यांची कॉन्ट्रॅक्टं कधी संपतायत, दुसरीकडून ऑफर आली तर त्यांना थांबवायला बाजूला किती पैसे ठेवलेत, आणि उद्या कोऑर्डिनेटर गेला तर हेड कोचच्या डोक्यात कोणती नावं आहेत, हे बोर्डाने सही करायच्या आधी विचारावं. हेड कोचचे दहा-वीस लाख कमी करून ते खाली दिले तर माझी काही तक्रार नाही, इथल्या कुठल्याही टेलगेटवर (मॅचआधी पार्किंगमध्ये जमते त्या पार्टीत) विचारा, लोक हो म्हणतील.

बोर्डाची पुढची मीटिंग कधी आहे आणि त्यात असिस्टंट कोचेसच्या कॉन्ट्रॅक्टचा विषय आहे का, एवढं तुमच्या ऑफिसकडून कळलं तर मी रजा टाकून येईन, पब्लिक कमेंटला तीन मिनिटं मिळाली तरी पुरे.

आपली,
बॅटन रूजची एक रहिवासी