विषय: जड पाणी मऊ करायचं मशीन 'जड पाण्यामुळे' वॉरंटीबाहेर काढल्याबद्दल

व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

माझ्या तक्रारीचे चार नंबर तुमच्या सिस्टिममध्ये आहेत, त्यामुळे मॉडेल कोणतं, बसवलं कधी, हे पुन्हा सांगत बसत नाही. चारही तक्रारी 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केल्यात. निराकरण नेमकं काय झालं ते मलाही कळवा, कारण हे लिहितेय तेव्हा बाथरूमच्या तोटीवर पांढरी खर तशीच आहे.

आज दुपारी तुमच्याकडे फोन केला तो २५ मिनिटं चालला. त्यातली १८ मिनिटं माझा कॉल तुमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे ऐकण्यात गेली. उरलेल्या ७ मिनिटांसाठी हे पत्र.

आधी मूळ दुखणं. तुमच्या वॉटर सॉफ्टनरने पहिले तीन महिने चोख काम केलं. साबणाला फेस यायचा, टॉवेल अंगाला टोचत नव्हता. मग हळूहळू सगळं पूर्वपदावर आलं. मिठाच्या टाकीत मी आतून काळ्या मार्करने रेघ मारून तारीख लिहून ठेवली होती. ११ आठवडे झाले, मीठ रेघेवरून हललेलं नाही. डिस्प्लेवर मात्र दर तिसऱ्या रात्री २ वाजता 'रिजनरेशन' (म्हणजे मिठाच्या पाण्याने आतली सफाई) झळकतं, मोटर घुरघुरते, ड्रेनमधून पाणी जातं. आवाज करण्याची नोकरी मशीन इमानेइतबारे करतंय. पण मिठाचं पाणीच ओढलं जात नसेल, तर रेझिनला, म्हणजे जडपणा धरून ठेवणाऱ्या आतल्या मण्यांना, चिकटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटणार कसं? हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही, पण तुमच्या टेक्निशियनला कुणीतरी शिकवायला हवं. मी रेघ दाखवली तर तो म्हणाला, "मीठ कमी लागतंय म्हणजे चांगलंच आहे की मॅडम, बचत!"

व्हॉल्व्ह उघडला नाही, मिठाची नळी काढून पाहिली नाही. खिशातून पेनासारखा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर काढला, ग्लासभर पाण्यात बुडवला. ६१२. सॉफ्टनरनंतरचं पाणी घेतलं. ६१४. "पाचशेच्या वर टीडीएस आहे, वॉरंटी लागू नाही," असं कार्डावर लिहून तो गेला.

आता हे जरा शांतपणे वाचा. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. तो क्षार काढून टाकत नाही, बदलून देतो. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं आणि त्याच्या जागी ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. म्हणजे मशीन ठणठणीत असतं तरी त्या पेनावर आकडा तेवढाच, नाहीतर थोडा जास्तच दिसला असता. त्या मीटरला पाण्यातून वीज किती वाहते तेवढं कळतं. कॅल्शियम कोणतं आणि सोडियम कोणतं, हे त्याला कळत नाही. तुमच्या माणसालाही नाही.

आणि पाचशेचा तो आकडा! तुमच्या पुस्तिकेत तो 'हार्डनेस'समोर, म्हणजे जडपणासमोर छापलाय, टीडीएससमोर नाही. मी थेंबांचं किट आणून हार्डनेस तपासला. एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. नळाच्या पाण्याचा रंग गुलाबीचा निळा व्हायला १९ थेंब लागले, म्हणजे ३८०. लिटरला १८० च्या वर गेलं की पाणी अति जड समजतात, त्यामुळे आमचं पाणी जड आहे हे मला मान्यच आहे. म्हणूनच मशीन घेतलं ना! पण ३८० हे ५०० पेक्षा कमी असतं, एवढं गणित तुमच्याकडेही होत असावं. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याला किती थेंब लागले? १८. एवढं मोठं मशीन, एवढी जागा, रात्रीची घुरघुर, आणि फरक एका थेंबाचा.

हे सगळं आज सुपरवायझरना सांगितलं. थेंब, रेघ, पुस्तिकेतलं पान, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, प्रॉब्लेम मशीनचा नाही. तुमचं पाणी जड आहे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "अहो, जड पाण्यासाठीच आहे ना ते?"

"हो, पण जड पाण्याने मशीनवर लोड येतो."

"मग काय करू?"

"मशीनला शक्यतो सॉफ्ट पाणी द्या मॅडम. लाइफ वाढेल."

मी गप्प झाले. पलीकडेही शांतता. मग त्यांनी विचारलं, "आणखी काही मदत करू शकतो का?"

सॉफ्टनरला सॉफ्ट पाणी द्या. हे वाक्य मी घरात तीनदा म्हणून पाहिलं, दर वेळी वेगळ्या सुरात. कुठल्याच सुरात अर्थ लागला नाही. चोर आला म्हणून कुलूप बिघडलं, आणि कुलूपवाला म्हणतोय, तुमच्याकडे चोर येतात हे आधी सांगायचं होतं. फोन ठेवला आणि पाच मिनिटांत मेसेज आला: 'आमच्या सेवेला ५ पैकी किती तारे द्याल?'

आवाज चढवायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते. ते जमलेलं नाही.

नुकसान फक्त तुमच्या मशीनपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. पाणी तापलं की त्यातला बायकार्बोनेट फुटतो आणि चुना सगळ्यात गरम जागी जाऊन बसतो, म्हणून पहिला बळी गीझर. महिनाभर टाकीतून खडखड ऐकू येत होती, मग एलिमेंट जळालं. मेकॅनिकने ते बाहेर काढलं तेव्हा करंगळीएवढी कॉइल मनगटाएवढी झाली होती, आणि टाकीच्या तळाशी ओंजळभर खपल्या. वॉशिंग मशीनची जाळी दोनदा चोंदली. शॉवरचं पाणी अंग सोडून भिंतीला आंघोळ घालतं. सॉफ्टनर आहे या भरवशावर मी वर्षभर यातलं काहीच साफ केलं नाही. हा भरवसा तुम्हीच विकला होता, आणि खरं सांगायचं तर राग त्याचाच जास्त आहे. मशीन बिघडतात. पण तुमचं नाव ऐकून मी दुसऱ्या कंपनीकडे बघितलंही नव्हतं.

तेव्हा, १५ दिवसांच्या आत व्हॉल्व्ह उघडून बघणारा माणूस पाठवा, आणि त्याच्या हातात हार्डनेस किट द्या. टीडीएस मीटर घेऊन आला तर दारातून परत पाठवीन. वॉरंटी कार्डावरचा शेरा लेखी मागे घ्या. गीझरच्या एलिमेंटचं बिल जोडलंय, त्याची भरपाई द्या. नाहीतर हे पत्र, कार्डावरचा शेरा आणि मिठाच्या टाकीतल्या रेघेचा फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. तिथे सॉफ्टनरला सॉफ्ट पाणी का द्यायचं, ते तुमच्या वकिलांनी समजावून सांगावं. मला ऐकायला आवडेल.

सोबतच्या पाकिटात गीझरमधल्या खपल्या पाठवतेय. टीडीएस मीटर लावून बघा.

तुमची (अजून तरी) ग्राहक