सई, डावं मनगट सांभाळ

प्रिय सई,

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज तीन दिवस झाले. मी केला नाही, तूही केला नाहीस. आई रोज रात्री तुझ्याशी बोलते ते माईच्या खोलीत दार लोटून बोलते, पण आपल्या घरात लोटलेल्या दाराचं काय ते तुला माहीतच आहे. शुक्रवारी रात्री जपानला स्नोबोर्ड शिकायला निघणार एवढं मला कळलंय. जायच्या आधी हे पोचावं म्हणून टाईप करत बसलोय, मशीन शॉप बंद केलंय, कंप्रेसरचा आवाज थांबला की बरं सुचतं.

आधी हे, की 'पैसे जास्त झालेत का' असं मी म्हणायला नको होतं. शॉपमधल्या सीएनसी मशीनचे शेवटचे आठ हप्ते कुणी भरले ते मी विसरलेलो नाही आणि ते भरताना तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस हेही विसरलेलो नाही. तुझ्या पैशानं तू जपानला जा नाहीतर कुठंही जा. मला लागलं ते एवढंच की हे काकूच्या स्टेटसवरून कळलं. तुझ्या गुलाबी जॅकेटचा फोटो, खाली निसेको का काय लिहिलेलं, आणि काकू मलाच विचारतीय, भाऊजी हे कुठं आलं?

मग मी शोधलं. दोन रात्री तेच केलं. होक्काइडो बेटावर आहे, त्या अन्नुपुरी डोंगराची उंची १३०८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी. बर्फ मात्र एका हिवाळ्यात पंधरा मीटरच्या आसपास पडतो म्हणे! आधी मला ती छापण्यातली चूक वाटली. मग कारण वाचलं आणि एकदम पटलं, कारण ते गगनबावड्यासारखंच आहे. आपल्याकडं पावसाळी वारं अरबी समुद्रावरनं पाणी उचलतं, सह्याद्रीला धडकतं आणि बावड्यात ओततं. तिकडं सायबेरियाचं गारठलेलं वारं जपानच्या समुद्रावरनं येताना ओल घेतं आणि होक्काइडोच्या डोंगरावर चढलं की सगळा बर्फ होतो. गगनबावड्यात पावसात भिजत मक्याचं कणीस खाणारी पोरगी आता तिकडं बर्फात उभी राहणार. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, तिला सांगा की मग.

तर मुद्दा मनगटाचा आहे. डाव्या.

मी बरेच व्हिडीओ बघितले. स्कीमध्ये पाय सुटे असतात, जास्त करून गुडघे जातात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, तोल गेला तर पाऊल टाकून सावरायची सोयच नाही, म्हणून माणूस हात टेकतो, आणि म्हणून नव्या माणसाचं सगळ्यात जास्त मनगट मोडतं. ती फळी चालते कशी ते मला लगेच कळलं, कडेवर चालते. आपल्या लेथच्या टूलसारखंच. अँगल बरोबर असला की टूल जॉबवरनं, म्हणजे कापायच्या लोखंडावरनं, कसं लोण्यासारखं जातं, आणि अँगल जरा बिघडला की जॉबमध्ये घुसतं आणि जॉब चकातून उडतो. तसंच तिथं, उताराकडची कड बर्फात रुतली की संपलं, माणूस आडवा. आपण पडतोय हे कळायच्या आत पडलेला असतो. सरळ खाली जायच्या नादात पोरं तिथंच आपटतात. पहिले दोन दिवस टाचेच्या कडेवर नुसतं आडवं घसरायला शिक, डावीकडं, उजवीकडं, पानं गळतात तसं हेलकावे घेत. कंटाळवाणं वाटेल. शिकवणारा घे, मित्रमैत्रिणी शिकवतील म्हणू नकोस, त्यांना स्वतःला येतं म्हणून शिकवता येतं असं नाही.

बघ, झालं सुरू लेक्चर. माफ कर. पण अजून थोडं आहे.

आण्णा असते तर त्यांनी तुला दिवाणखान्यात गादी टाकून पाडलं असतं. खरंच पाडलं असतं, लहानपणी मला पाडायचे. गंगावेशीच्या तालमीत त्यांचं आयुष्य गेलं, आणि ते म्हणायचे, डाव नंतर शिकव, आधी पडायला शिकव. हळद, ताक, तेल घातलेल्या त्या लाल मातीचा वास त्यांच्या सदऱ्याला आंघोळीनंतरसुद्धा यायचा, तुला आठवत नसेल. हात लांब करून टेकायचा नाही, हे त्यांचं पहिलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, मागं पडायला लागलास तर खाली बस आणि लोळ, पुढं पडलास तर मुठी बंद आणि कोपरापर्यंतचा हात एकदम जमिनीला. आता स्नोबोर्डचे मास्तर व्हिडीओत हेच सांगताना दिसले तेव्हा मला आण्णांची फार आठवण आली. बर्फात नाही, मातीत का होईना, पण आपल्या घरात ही विद्या होती.

आणि आता जे सांगायचं ते. एकोणीस वर्षं झाली.

नवरात्राच्या आदल्या रविवारी शॉपच्या बोळात तुला सायकल शिकवत होतो. तू आठ वर्षांची. मी कॅरिअर धरून मागं पळत होतो आणि तू ओरडत होतीस, सोडू नका, बाबा सोडू नका. सगळ्यांना मी सांगत आलो की तुला जमायला लागलं म्हणून मी सोडलं आणि तू घाबरून ब्रेक दाबलास. तसं नव्हतं गं. फाउंड्रीचा टेम्पो कास्टिंग घेऊन आला, ड्रायव्हरनं हाक मारली, मी वळलो आणि हात सुटला. मी सोडलं नव्हतं, माझं लक्ष गेलं होतं. वळून बघतोय तर तू खडीवर बसलेली, रडत नव्हतीस, नुसती डाव्या हाताकडं बघत होतीस. तो हात मनगटाच्या वर चमच्यासारखा वाकला होता. ते अजून दिसतं मला. मोठ्ठं मशीन चालू असतानासुद्धा मधेच दिसतं.

सहा आठवडे प्लॅस्टर. त्या दिवाळीत किल्ला करायचा म्हणून हट्ट धरलास, एका हातानं माती कालवलीस आणि बाकीचा पन्हाळा माझ्याकडून करून घेतलास, बाबा तीन दरवाजा इथं नाही, तिथं. आळीव पेरायचं राहिलं म्हणून रुसलीस. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ब्रेक दाबला म्हणून पडले असं तू अजून सांगतेस, परवा दिदीच्या हळदीतही सांगितलंस हसत हसत, मी भांडी उचलायच्या निमित्तानं आत गेलो.

म्हणून रविवारी आवाज चढला. पैशाचं निमित्त होतं.

गारठ्यात ते मनगट दुखतं हे तू आईला सांगतेस, मला सांगत नाहीस. तिकडं जानेवारीत उणे पाच, उणे दहा. आपल्याकडं पंधराला मफलर निघतात. आत सुती बनियन अजिबात घालू नकोस, घामानं ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो, लोकरीचं नाहीतर ते सिंथेटिकचं घाल. विमा काढला असशील तर त्यात बर्फातले खेळ धरलेत का ते वाच, बऱ्याच पॉलिसीत वगळलेले असतात. आणि दोरी. ट्रॅकच्या कडेला दोरी बांधलेली असते ती कुणी कितीही म्हटलं तरी ओलांडायची नाही. तिथं नियमच आहे, बाहेर जायचं तर ठरलेल्या गेटमधनंच, आणि गेट बंद असलं तर नाहीच. बाहेर हिमकडे कोसळतात, आणि झाडाच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचा खड्डा असतो, माणूस त्यात डोकं खाली पाय वर असा अडकला तर त्याला स्वतःचं स्वतः निघता येत नाही. हे वाचल्यावर मला झोप लागली नाही. तू पहिल्यांदाच जातीयस, तू तिकडं जाणार नाहीस हे माहीत आहे. तरी लिहिलं. मनगट ते मनगट, पण हे वेगळं.

शोधताना अजून एक सापडलं. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला १९९८ ला, जपानलाच, नागानोला. तू जन्मलीस ते वर्ष. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपला शिवा केशवन बर्फावर ल्यूज, म्हणजे पाठीवर झोपून चालवायची घसरगाडी, चालवत होता, आणि मला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. मी तेव्हा उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर रात्रपाळी करत होतो. आणि आता माझी पोरगी तिकडं फळीवर उभी राहणार. नऊ वर्षं पुण्यात राहून अजून फोनवर कोल्हापुरी 'मी येतो, मी करतो' म्हणणारी. शॉपमध्ये आज दोघातिघांना सांगितलं मी. एकानं विचारलं, भीती नाही वाटत होय तुम्हाला, मी म्हटलं नाही.

खोटं बोललो.

कुणाला भिऊन राहू नकोस, पण जमलं नाही तर एक दिवस नुसतं बसून बघ, तेही चालतं. तिथं समोर योतेई नावाचा डोंगर दिसतो, १८९८ मीटर, फुजीसारखा एकटा उभा. त्याचा एक फोटो मला पाठव, काकूच्या आधी.

पार्सल आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं टाकलंय, उद्या पहाटे साडेपाचला स्वारगेटला येईल, ड्रायव्हरचा नंबर आईनं पाठवलाय. त्यात कांदा-लसूण चटणी आहे, मेतकूट आहे, आणि मनगटाचे गार्ड आहेत, स्केटिंगची पोरं घालतात ते. हातमोज्याच्या आत बसतात का बघ. मी माझ्या हातावर घालून मोठा नंबर घेतलाय, डावा घट्ट वाटला तर उद्या दुपारपर्यंत सांग, दुकानदार बदलून देतो म्हणालाय, रात्रीच्या गाडीला परत टाकतो.

बाबा