वॉरन मूनला एका ओळीत बसवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, निमित्ताने आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलमधल्या नामवंत क्वार्टरबॅकची एक चौकट आली होती. मराठी दैनिकाने या खेळाला एवढी जागा दिली याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्या चौकटीत वॉरन मूनच्या नावापुढे एवढंच छापलं होतं: 'सुपर बोल कधीही न जिंकलेला.' त्या ओळीने मला फार वाईट वाटलं. १९८६ ते २००४ अशी अठरा वर्षं मी ह्यूस्टनमध्ये काढली. त्यातली पहिली आठ वर्षं मून आमच्या ऑयलर्स संघाचा क्वार्टरबॅक होता. त्याचा खेळ आम्ही घरच्या माणसाचा बघावा तसा बघितला आहे. म्हणून हे पत्र.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. प्रत्येक डावात चेंडू मधल्या खेळाडूच्या पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तिथून त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावून येत असतात आणि तेवढ्यात आपला कोणता गडी मोकळा सुटतोय हे हेरून त्याला चेंडू नेमका फेकायचा असतो. चेंडू येण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांची मांडणी वाचायची, बेत फसणार असं दिसलं तर ओरडून बदलायचा, हेही त्याचंच काम. संघाचं डोकं म्हणतात ते हेच.

१९७०च्या दशकातल्या अमेरिकेत हे 'डोकं' गोरंच असावं असा अलिखित समज होता. कृष्णवर्णीय मुलगा शाळेत क्वार्टरबॅक खेळला तरी कॉलेजच्या उंबरठ्यावर त्याला सांगितलं जायचं, तुझ्या पायात काय वेग आहे! तू पास झेलायला ये, नाहीतर बचावात ये. ऐकणाऱ्याला कौतुक वाटावं अशा शब्दांत त्याची जागा काढून घेतली जायची.

मून लॉस एंजेलिसचा. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता, घरात बहिणी सहा. मोठ्या विद्यापीठांना तो दुसऱ्या जागी खेळायला हवा होता. त्याने ऐकलं नाही. १९७४ मध्ये तो गावातल्याच दोन वर्षांच्या कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून खेळला आणि पुढच्या वर्षी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. तिथे डॉन जेम्स हे प्रशिक्षकही नव्यानेच आले होते. त्यांनी या मुलावर विश्वास टाकला, पण संघ हरत होता आणि घरच्याच मैदानावरचे प्रेक्षक मूनची हुर्यो उडवत होते. १९७७ च्या हंगामातही पहिल्या चारपैकी तीन सामने गेले. जेम्स यांनी तरी त्याला बसवलं नाही. त्याच हंगामाच्या शेवटी, २ जानेवारी १९७८ ला, या संघाने पासाडेनाच्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलमधल्या मानाच्या सामन्यात बलाढ्य मिशिगनला २७-२० असं हरवलं. मूनने दोन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की मिळणारे गुण) स्वतः पळत केले, एक पास देऊन करवला आणि सामनावीर ठरला.

इतकं झाल्यावर व्यावसायिक संघांनी त्याला उचलायला हवं होतं. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडायचे ती निवड, तेव्हा बारा फेऱ्यांचा असे, म्हणजे तीनशेवर खेळाडू निवडले जात. पण क्वार्टरबॅक म्हणून मूनला फारशी किंमत नाही, ही कुणकुण आधीच लागली होती. जागा बदलायची त्याची तयारी नव्हती. ड्राफ्टची वाट न पाहता त्याने कॅनडातल्या एडमंटन संघाशी करार केला आणि त्या बारा फेऱ्यांत त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. त्याच ड्राफ्टमध्ये डग विल्यम्स हा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत निवडला गेला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दार अगदी बंद नव्हतं, पण एका वेळी एखादाच आत जाईल इतपतच ते किलकिलं होतं.

कॅनडातला खेळ जरा वेगळा. मैदान लांबरुंद, आणि दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी मिळतात तिथे तीनच. त्यामुळे चेंडू हवेतून नेण्याशिवाय गत्यंतर नाही. मूनच्या हातासाठी याहून चांगली तालीम कुठली मिळणार? सुरुवातीला टॉम विल्किन्सन या अनुभवी क्वार्टरबॅकबरोबर जागा वाटून घेत तो शिकला. १९७८ ते १९८२ अशी ओळीने पाच वर्षं एडमंटनने ग्रे कप जिंकला. कॅनडात ग्रे कपला सुपर बोलचाच मान आहे. आपल्या चौकटीला या पाच विजेतेपदांचा पत्ताही नाही!

१९८२ मध्ये त्याने एका हंगामात ५,००० यार्डांचे पास पुरे केले, पुढच्या वर्षी ५,६४८. मग मात्र सहा वर्षांपूर्वी पाठ फिरवणारे संघ थैल्या घेऊन त्याच्या मागे लागले. १९८४ मध्ये तो ह्यूस्टनला आला. एडमंटनचे त्याचे प्रशिक्षक ह्यू कॅम्पबेल तेव्हा ह्यूस्टनला आलेले होते. पहिल्या वर्षी सोळापैकी तेरा सामने हरलो असं आमचे शेजारी सांगत. पण १९८७ पासून सलग सात वर्षं ऑयलर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, होते. १६ डिसेंबर १९९० ला कॅन्सस सिटीच्या गारठ्यात त्याने एका सामन्यात ५२७ यार्डांचे पास दिले. त्याचा पास एकदा अ‍ॅस्ट्रोडोममध्ये मी जवळून पाहिला. चेंडू हातातून सुटला की स्वतःभोवती इतका एकसारखा फिरत जायचा की हवेत स्थिर वाटायचा, आणि पन्नास यार्डांवर झेलणाऱ्याच्या पावलापुढे अलगद उतरायचा. शेजारची म्हातारी आजी दर वेळी माझा हात धरायची.

आता ३ जानेवारी १९९३ बद्दल. मूनचं नाव निघालं की लोक हाच सामना काढतात. बफेलोतला प्लेऑफ सामना होता. आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जमली होती, पोह्यांचा दुसरा घाणा चालू होता. मूनने पहिल्या सत्रातच चार टचडाउन पास दिले. मध्यंतराला २८-३, नंतर ३५-३. दोन कुटुंबं 'झालं आता' म्हणून निघूनही गेली. मग बफेलोचा राखीव क्वार्टरबॅक फ्रँक राइकने जो सपाटा लावला त्याला तोड नाही. ऑयलर्सची पद्धत सतत पास देण्याची. पास चुकला की घड्याळ थांबतं, त्यामुळे आघाडी असूनही वेळ मारून नेता येईना, आणि बचावफळी तर कोलमडलीच. बफेलो ३८-३५ पुढे गेलं. तेव्हाही मूनने संघाला मैदानभर पुढे आणून शेवटची बारा सेकंद उरली असताना बरोबरी साधून दिली. जादा वेळेत त्याचा एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला आणि आम्ही ४१-३८ ने हरलो. माझा आठ वर्षांचा मुलगा कितीतरी वेळ टीव्हीसमोरून उठला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे एकाच माणसाला नावं ठेवत होते. ५० पैकी ३६ पास आणि ३७१ यार्ड पूर्ण करणाऱ्याला!

याच मुलाची एक गोष्ट लिहायची आहे. बाराव्या वर्षी तो शाळेच्या संघाच्या निवडीला गेला. क्वार्टरबॅक व्हायचं म्हणून वर्षभर परसदारी टांगलेल्या टायरमधून चेंडू फेकत होता. संध्याकाळी घरी आला तो हातात एक पॅड घेऊन, पॅडला सुतळीने पेन्सिल बांधलेली. प्रशिक्षक म्हणाले होते, "तुमच्या मुलांचं गणित पक्कं असतं, तू आकडे लिहायला बस." त्याला एकदाही फेकून दाखवायला सांगितलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, अगदी हसून, पाठीवर हात ठेवून बोलला होता. माझ्या मुलाने सोसलं ते मूनच्या मानाने काहीच नव्हे, याची मला पुरती जाणीव आहे. पण त्या रात्री ते पॅड टेबलावर पाहताना मूनला काय ऐकावं लागलं असेल ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

आपल्या पुण्याला तर हे परकं वाटायलाच नको. दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंची डावखुरी फिरकी हिंदू संघाला हवी होती, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारी ती बोटं सगळ्यांना हवी होती. त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे आणि संघाचं कप्तानपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. हात चालतो, डोकं चालत नाही, ही वागणूक दोन्हीकडे सारखीच.

१९९४ मध्ये मून मिनेसोटाला गेला, मग सिअ‍ॅटल, शेवटी कॅन्सस सिटी. चव्वेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा एनएफएलमध्ये ४९,३२५ यार्ड, २९१ टचडाउन पास आणि प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी नऊ वेळा निवड एवढं त्याच्या नावावर होतं. कॅनडातले २१,२२८ यार्ड धरले तर सत्तर हजारांच्या वर. २००६ मध्ये पात्र ठरताच पहिल्याच वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, घेतलं. तो मान मिळालेला आधुनिक काळातला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, आणि ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला पहिला क्वार्टरबॅकही तोच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स समोरासमोर आले. सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची ती पहिलीच वेळ. आणि २०१८ च्या ड्राफ्टआधी लमार जॅक्सन या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला पुन्हा तोच सल्ला मिळाला होता, तू पास झेलणारा हो. तोही बधला नाही. पहिल्या फेरीत अगदी शेवटी, बत्तिसाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पुढच्या वर्षी ती चौकट पुन्हा छापाल तेव्हा मूनच्या नावापुढे 'ड्राफ्टमध्ये न निवडलेला, पाच ग्रे कप, हॉल ऑफ फेम २००६' असं छापावं ही विनंती. जागा तेवढीच लागेल.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे