सद्हेतूची ढाल कुणासाठी?

विमा फसवणुकीचा संशय आल्यास ग्राहकाची माहिती विमा कंपनीला देणाऱ्यावर खटला चालू नये, असे संरक्षण अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत आहे. अट एवढीच, की माहिती द्वेषबुद्धीने दिलेली नसावी. खोट्या दाव्यांचा भुर्दंड शेवटी प्रामाणिक विमाधारकांच्या हप्त्यांवर पडतो, हे मान्य. पण द्वेषबुद्धी सिद्ध करायची कोणी? ज्याची माहिती गेली त्यानेच! त्याला तर ती गेल्याचा पत्ताही नसतो. बऱ्याचदा दावा अडकल्यावरच शंका येते. आजाराची एखादी नोंदच चुकीची असेल तर? संरक्षण द्यायचेच तर संशयित दाव्याशी थेट संबंध असलेल्या माहितीपुरते द्यावे, आणि काय दिले गेले हे चौकशी संपताच संबंधिताला लेखी कळवणे बंधनकारक करावे.

– एक विमाधारक