सोनूच्या वह्या नीट बघ

बाळा राजू,

केळीचे वेफर आणि कळण्याचं पीठ पाठवलंय, पोचलं की सांग. हे पत्र मात्र वेगळ्या कारणासाठी, फोनवर बोलताना सोनू मागेच उभा असतो म्हणून लिहूनच पाठवते.

दिवाळीत सूनबाई म्हणाली, याचं अक्षर फार घाण आहे, आळशी झालाय, रोज दोन पानं लिहून घ्या. घेतली मी. तर पोऱ्या पेन्सिल इतकी दाबून धरतो की बोटं पांढरी पडतात, मागच्या पानावर वळ उठतात, अर्ध्या पानातच हात झटकायला लागतो. दोन शब्दांत जागा नाही, रफार भलत्याच अक्षरावर, आणि शेतकरी हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हेने. तेच तोंडी विचारलं तर कापूस वेचण्यापासून जिनिंगपर्यंत घडाघडा सांगतो. आळशी पोरगं असं सांगेल का रे?

इथल्या झेडपीच्या बाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या पहिलीतलं पोर अक्षर उलटं काढतं ते चालतं, पण चौथीत तोंडी आणि लेखी यात एवढा फरक असेल तर तपासून घ्या, डिसग्राफिया असू शकतो, म्हणजे डोक्यात असलेलं कागदावर उतरवायलाच अडचण. तेच आहे असं मी म्हणत नाही. आधी डोळे तपास, मग मुलांच्या डॉक्टरांना विचारून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे ने, पेन्सिल धरणं, लिहिणं अशा रोजच्या कामांची अडचण ते बघतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली अशी अडचण, पण धरलीय, सर्टिफिकेट असलं तर दहावीला जास्तीचा वेळ मिळतो.

तुझा दादा आठव. एकेक धडा मी त्याला दहा-दहा वेळा लिहायला लावायची, हातावर पट्टी पण मारलीय. सातवीनंतर तो शाळेत गेलाच नाही. आज मजुरांचा, खताचा, केळीच्या व्यापाऱ्याचा सगळा हिशोब त्याच्या डोक्यात असतो, पण बँकेत फॉर्म भरायचा असला की अजून मला सोबत नेतो. तिथे त्याचा चेहरा बघवत नाही मला.

ती रोजची दोन पानं आजपासून बंद कर. तो तोंडी सांगेल, तू लिहून घे. आणि जुन्या वह्या रद्दीत देऊ नको, तपासणाऱ्यांना त्या दाखवाव्या लागतील.

तुझी आई
यावल