श्रावणातले रातकिडे

पुणे, ३ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर धड बोलणं झालंच नाही. आई, तू स्पीकर लावतेस, बाबा आतल्या खोलीतून ओरडतात, मध्येच कुकरची शिट्टी. शेवटी माझ्या हाती दोनच बातम्या लागल्या. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलंय, आणि आपल्या दोन दाढीवाल्या सरड्यांच्या (बिअर्डेड ड्रॅगन) पिल्लांपैकी ठमी ७२ ग्रॅमवरून ७१ वर आलीय. मारुतीचं गोदामाई बघून घेईल. माझी झोप उडाली ती त्या एका ग्रॅमने.

रात्री साडेदहाला बाबांनी गच्चीवरून हळू आवाजात फोन केला. "श्रावण लागल्यापासून तुझ्या आईने रातकिडे बंद केलेत. मी सांगितलं असं म्हणू नकोस." बाबा, माफ करा, म्हणावंच लागतंय.

आई, चिडले नाहीये गं. सकाळी सोवळ्यात पूजा आटपून चिमट्याने जिवंत किडा उचलायचा, हे तुला जड जातं, मला कळतं. अंड्यांचे ट्रे घरात आणले तेव्हा तू तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, आणि ते तर नुसते रिकामे पुठ्ठे होते, किड्यांना लपायला! पण बाळ्या आणि ठमी आत्ता चार महिन्यांचे आहेत. अंड्यातून बाहेर आले तेव्हा शेपटीसकट जेमतेम बोटभर होते, आणि वर्ष-दीड वर्षात दीड फुटाच्या आसपास जाणार. एवढं अंग उभं करायला नुसता पाला पुरत नाही. ह्या वयात त्यांच्या जेवणात बारा आणे किडे आणि चार आणे पाला लागतो. त्यांचं मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या रानात, तिथे पिल्लं दिवसभर किडेच टिपत हिंडतात.

आणि तू किड्यांच्या बदली जे दिलंस, त्याने मी जास्त घाबरले. पालक, चाकवत, चुका, राजगिरा, आणि नागपंचमीला अळू. बुधवारच्या बाजारातून घाटावरून ताजं ताजं आणलंस, निवडलंस, बारीक चिरलंस. आपल्याला हे सगळं उत्तम, पण ह्या प्रत्येक भाजीत ऑक्झलेट भरपूर असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि अंगी लागू देत नाही. म्हणजे एकीकडे आपण कॅल्शियमची पावडर लावायची आणि दुसरीकडे पालकाने ती काढून घ्यायची.

नागपंचमीला वाटीत दूध ठेवलं होतंस असंही ऐकलं (हे बाबांनी नाही, मिहीरने सांगितलं). नागाला पचत नाही तसं ह्यांनाही दूध पचत नाही. हळदीकुंकू लांबून वाहिलंस तर माझी काही हरकत नाही.

आपल्या आधीच्या सरड्याची, गणूची आठवण काढायची नव्हती, पण काढते. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने सांगितलं, मीलवर्म (पिठातल्या किड्याच्या अळ्या) आणि लेट्यूस दिलं की झालं, आणि मी ऐकलं. मीलवर्मचं कवच जाड आणि आत कॅल्शियम नावापुरतं. लेट्यूस म्हणजे हिरवं पाणी. वर माझं शहाणपण असं की दिव्याचा खर्च वाचवायला पेटी खिडकीत ठेवली, ऊन येतंय की! खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हाडांना जो अतिनील किरण हवा तो काचेतच अडतो. तो नसला की ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम वाया. मग शरीर ते हाडांतून ओढायला लागतं. गणूचा खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा वाकायचा, आठवतं? एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट होती की डॉक्टरांनी फिल्म दोनदा उजेडावर धरली. बाबा, पारिजातकाखाली खड्डा तुम्ही खणलात आणि नंतर दोन दिवस पेपर उघडला नाहीत. म्हणून ह्या दोघांच्या बाबतीत मी इतकी किरकिर करते.

तर मी एक तोड काढलीय. आई, किड्याला तू हात लावायचा नाही. ते खातं बाबांकडे. तुझ्याकडे रातकिड्यांना जेवू घालायचं खातं. हसू नकोस, खरंच सांगतेय. रातकिडा स्वतः पोकळ असतो, त्याच्या पोटात जे असेल तेच पिल्लाच्या पोटात जातं. द्यायच्या आदल्या दिवशी त्याला भरपेट आणि चांगलं खायला मिळालं पाहिजे. गाजराच्या चकत्या, लाल भोपळ्याची फोड, शेवग्याचा पाला, एवढं खोक्यात टाकायचं. पाण्याची वाटी ठेवू नकोस, बुडून मरतात. गाजरातून त्यांना पाणी मिळतं. अन्नदानच आहे की गं हे, श्रावणात चालायला हरकत नसावी. पुढचं बाबा बघतील.

बाबा, आता तुमचं. दिवा लावल्यावर तासभर काही देऊ नका. दिव्याखालच्या दगडावर ३८ ते ४० अंश ऊब येऊ द्या आणि त्यांना शेकू द्या. अंग तापल्याशिवाय ह्यांना पचत नाही, आणि सध्याच्या झडीत पेटी गार पडते. मग छोट्या डब्यात रातकिडे घ्या, चिमूटभर कॅल्शियम टाकून डबा हलवा. रव्यात घोळवलेल्या कापांसारखे पांढरे दिसले की झाले. किडा केवढा घ्यायचा हे पिल्लाच्या डोळ्यांवरून ठरवा. दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठा नको, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकतो. सकाळी आणि दुपारी, प्रत्येक वेळी दहा मिनिटांत जेवढे खातील तेवढे. उरलेले मोजून परत काढा. पेटीत राहिलेला उपाशी रातकिडा रात्री झोपलेल्या पिल्लाची बोटं कुरतडतो. दिवा बंद व्हायच्या आधीचे दोन तास जेवण नको.

दोघांना एकाच पेटीत ठेवलंत का? बाळ्याच्या शेपटीचं टोक काळं दिसतं म्हणालात म्हणून विचारते. पिल्लं भुकेली असली की शेजाऱ्याची हलणारी शेपटी त्यांना किडा वाटते. आजच वेगळी करा. आणि तो फोटो उजेडात काढून पुन्हा पाठवा, अंगठा बाजूला ठेवून.

पिंपळगावला काकांच्या मळ्यातून नाकतोडे धरून आणतो म्हणालात, ते मात्र नको. द्राक्षाच्या बागेवर किती फवारण्या होतात हे तुम्हीच मला सांगितलंय. बाहेरच्या किड्यातून जंतही येतात. जूनमध्ये मिहीरने भंडारदऱ्याहून बाटलीत काजवा आणला आणि मी त्याच्यावर ओरडले, आई, तुला तेव्हा वाईट वाटलं. काजव्याच्या अंगात असं विष असतं की एका काजव्यानेही हा सरडा मरू शकतो, आणि मिहीर बाटली उघडून पेटीपाशी उभा होता. समजावून सांगायचं मला तेव्हा सुचलंच नाही. त्याला सांग, आत्याचं चुकलं.

पाल्याची बशी रोज ठेवाच, खातील-न खातील. आत्ता चव लागली तर मोठेपणी खातात. शेवग्याचा पाला, मोहरीचा पाला मिळाला तर, किसलेला लाल भोपळा, भेंडीचे बारीक तुकडे, आणि कुंडीतली जास्वंद. फूल देवाला वाहायच्या आधी एखादं बाजूला काढ. बाळ्या लाल रंगाच्या मागे वेडा आहे, पाकळी तोंडात धरून मिशा फुटल्यासारखा बसतो. मेथी-कोथिंबीर कधीमधी चालेल. फळ आठवड्यातून एखादा तुकडा, तोही नखाएवढा. संत्रं-मोसंबी नाही, कांदा-लसूण नाही. पोळीचा तुकडा तर नाहीच, आई, "एवढासाच" असला तरी.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी, सकाळच्या जेवणाआधी. आणि शी पडली की तिच्यातला पांढरा भाग बघा. मऊ पांढरा असेल तर ठीक, पिवळट आणि खडूसारखा असेल तर पाणी कमी पडतंय. मग कोमट पाण्याच्या परातीत दहा मिनिटं बसवा, पोटापर्यंतच पाणी. (परात जुनी घ्या. पुरणाची नको!)

आई, एक चांगली बातमी. वर्ष-दीड वर्षाचे झाले की ह्यांचं जेवण उलटं होतं. पाला बारा आणे आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा. म्हणजे पुढच्या श्रावणात तू त्यांना बिनधास्त जास्वंद-भोपळ्यावर ठेव, किड्यांचे वार मी सोमवार सोडून लावून देईन. हा एकच श्रावण काढ.

बुधवारी रातकिड्यांचं पार्सल येईल. मागच्या वेळी खोक्यातून आवाज आला म्हणून वॉचमनने ते गेटबाहेर ठेवलं होतं, निम्मे मेले. ह्या वेळी घरातच उतरवून घ्या. ठमी अजून समोरचा पाय उचलून टाटा करते का? मोठ्या सरड्याला "मी लहान आहे, मारू नको" असं सांगायची त्यांची ती रीत आहे, पण तू रोज टाटा करून उत्तर देतेस हे मला फार आवडतं.

रविवारचं वजन कळवा. दोघांचं वेगवेगळं.

तुमची,
मनू