दिल्लीतल्या लेकीस

लातूर, ८ जून २०२५

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

सरकारी आदेशांचा अर्थ कंपन्यांना समजावून सांगायचं तुझं काम. परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, माझ्या कामाचा गावाला काय उपयोग?" ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

गेल्या सप्टेंबरात सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क लावलं. सोयाबीन तेव्हा रानातच होतं. बाहेरचं तेल महागलं की सोयाबीनचा भाव चढणार म्हणून तुझ्या काकाने रास झाल्यावर चाळीस कट्टे घरात थप्पी लावून ठेवले. पण दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळी पेंड, आणि पेंडीला उठाव नव्हता. हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, बाजार त्याच्या खालीच. मेमध्ये बी-खतासाठी त्याने अठरा कट्टे आडतीवर आणले. खरेदीदाराने मूठभर दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली फोडून बघितला आणि ओल जास्त आहे म्हणून भाव पाडला. सात महिने घरात वाळलेला माल गं तो! काका काही बोलला नाही, पट्टी घेऊन गेला.

३० मेला तेच शुल्क १० टक्क्यांवर आलं. रात्री काकाचा फोन, "दादा, राहिलेलं इकू का ठेवू?" तीस वर्षं मुनिमकी केली, पण मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा मला तुझी ३ ऑगस्ट २०२३ ची रात्र आठवली. लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागणार असा आदेश निघाला होता. तू नोकरीत नवी होतीस, जेवण टाकून कंपन्यांचे फोन घेत बसलीस. दुसऱ्याच दिवशी ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्या कंपन्यांना रात्री विचारायला तू होतीस, माय. राजपत्र तेच, सरकार तेच. काकाला विचारायला कुणी नव्हतं. तुझ्या कामाला मी कमी लेखत नाही, उलट ते किती मोलाचं आहे हे मला काकाचा फोन आला त्या रात्री कळलं.

तुझ्या नोकरीची बंधनं मला ठाऊक आहेत. कंपनीच्या आतलं काही विचारायचं नाही, हे काकालाही सांगितलंय. पण राजपत्रात छापून आलेलं तर सगळ्यांचंच आहे. शुल्क कमी झाल्यावर तेलगिरणीवाला काय हिशेब करतो, एवढं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांग. बावीस कट्टे अजून घरात आहेत. मृगाची पेरणी तोंडावर आली, येत्या रविवारी सकाळी त्याला फोन कर. नऊनंतर तो रानात जातो.

तुझा,
बाबा